चादरीची दोन टोकं

दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती. तिथे बसून ती कवळ्या बनवायची, म्हणून सगळे तिला कवळीताई म्हणत. पुढे डॉक्टर तोंडाचं माप घ्यायचे, ते माप मधल्या खिडकीतून मागे यायचं आणि तिथून पुढचं सगळं काम तिचं. प्लास्टरचा साचा ओतायचा, त्यावर मेणाची हिरडी चढवायची, मग चिमट्यानं एकेक दात उचलून मेणात बसवायचा. काम इतकं साफ की नवी कवळी घातलेली म्हातारी माणसं आरशासमोरून हलायला तयार नसत. "सगळे इथे दात काढायला येतात, घालणारी मी एकटी," असं ती म्हणायची. डॉक्टर या विनोदाला दरवेळी हसायचे, कारण ते हसले नाहीत तर तिला वाटायचं त्यांना कळला नाही आणि ती तोच विनोद पुन्हा सांगायची.

नवरा जहाजावर इंजिनीयर. महिनोन्महिने पाण्यावर, मग काही आठवडे घरी, आणि घरी असला की दिवसभर कशाचे ना कशाचे स्क्रू आवळत बसलेला. मुलगी शाळेत जाणारी, अंगानं बारीक आणि सतत कुठेतरी निघालेली, म्हणून घरात तिचं नाव मुंगी. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. खाली बेकरी, समोर बसथांबा. कशाची तक्रार करावी असं त्या घरात काही नव्हतं.

आणि पुढे तेच तिला सगळ्यात अवघड गेलं. काही घडलं असतं तर सांगता तरी आलं असतं. कुणी दगावलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं, नवऱ्याशी धड भांडणही झालं नव्हतं. आधी तिचे विनोद थांबले. मग जेवणाची चव गेली. मग गॅसवर चहाचं आधण ठेवून ती समोर उभी राहायची आणि पाणी आटून भांडं करपायला लागलं तरी तिथेच असायची. एका दुपारी कामावर तिनं चिमट्यात एक दात धरला आणि तो डावीकडचा की उजवीकडचा हे तिला ठरवता येईना. ज्या कामासाठी तिच्या बोटांनी कधी डोक्याला विचारलं नव्हतं, ते काम तिच्या हातात तसंच राहिलं. संध्याकाळी दिवे लावायला आलेल्या डॉक्टरांना ती अंधारात चिमटा धरून बसलेली दिसली.

त्यानंतर डोकं दुखतंय म्हणून रजा, पोट बरं नाही म्हणून रजा, आणि मग काहीच कारण न देता रजा. मुंगी स्वतःचा पाव स्वतः भाजून घ्यायला शिकली. शाळेतून आली की ती दारातून डोकावायची.

"आई, तुला ताप आहे का?"

"नाही."

"मग?"

'मग' ऐकलं की ती भिंतीकडे तोंड करायची, आणि मुलगी बिचारी चवड्यांवर चालत स्वयंपाकघरात जायची.

शेवटी दातांचे डॉक्टरच तिला त्यांच्या गाडीतून मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाई मध्यमवयीन होत्या, मधेमधे चष्मा पुसत सगळं ऐकून घ्यायच्या. त्यांनी या सगळ्याला नैराश्य म्हणतात असं सांगितलं, हा आळस नव्हे असंही सांगितलं, आणि गोळ्या लिहून दिल्या. "गोळ्या त्यांचं काम करतील, पण वेळ घेतील," त्या म्हणाल्या. "तोवर रोज एक-दोन साध्या गोष्टी करायच्या. कराव्याशा वाटल्या म्हणून नाही. तसं वाटण्याची वाट बघत बसाल तर बसूनच राहाल. ठरल्यात म्हणून करायच्या."

तिनं मान डोलावली. गोळ्या घ्यायलाही लागली. पण साध्या गोष्टी साध्या कुठे होत्या? आंघोळ हा म्हणायला एक शब्द. त्यात उठायचं, कपडे शोधायचे, नळ सोडायचा, ओलं व्हायचं, पुन्हा कोरडं व्हायचं, केस विंचरायचे. नुसत्या विचारानं ती पांघरूण डोक्यावर ओढायची.

नवऱ्याला जहाज सोडता येत नव्हतं. त्यानं फोन केला तो थोरल्या बहिणीला.

वन्सं येणार हे कळलं तेव्हा, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, तिला काहीतरी स्पष्ट वाटलं. ती भीती होती. वन्संनी सारी हयात एका मोठ्या इस्पितळाची लाँड्री चालवली होती. त्यांच्या हाताखालची माणसं म्हणे त्यांच्या पावलांचा आवाज ओळखून शिस्तीत उभी राहायची. लग्नानंतर पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी नुकताच धुतलेला टॉवेल दोरीवरून काढून, हुंगून, पुन्हा धुवायला टाकला होता. तेव्हापासून दोघींचं बोलणं 'कशा आहात' आणि 'बरी आहे' याच्या पलीकडे गेलं नव्हतं.

वन्सं आल्या त्या एक पिशवी आणि टॉवेलात गुंडाळलेली स्वतःची इस्त्री घेऊन. घरात पाऊल टाकताच त्यांनी एकदा चौफेर नजर फिरवली. सिंकमध्ये भांडी, खुर्चीवर कपड्यांचा ढीग. मग मुंगीला म्हणाल्या, "मुंगे, मला चहाचा डबा दाखव," आणि स्वयंपाकघरात शिरल्या.

पलंगावर पडून ती वाट बघत होती. आता भाषण होईल. आता 'ऊठ, असं किती दिवस चालणार' होईल. पण दुसऱ्या दिवशीही काही झालं नाही. फक्त सकाळी वन्संनी चहा आणला आणि पलंगाजवळच्या स्टुलावर न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"इथे द्या ना," ती म्हणाली.

"तिथे बरा आहे."

"मला उठवत नाही, वन्सं."

"मग थंड होईल. झाला तर दुसरा करीन."

आवाजात राग नव्हता. त्या निघून गेल्या. चहा थंड झाला. वन्सं खरंच दुसरा करून घेऊन आल्या आणि पुन्हा खिडकीतच ठेवला. तिसऱ्या कपाच्या वेळी तिला इतकं ओशाळल्यासारखं झालं की पांघरूण अंगाभोवती लपेटून ती खिडकीपर्यंत गेली. खाली बेकरीवाला शटर वर सारत होता. बसथांब्यावर एक बाई छत्रीच्या टोकानं जमिनीवर काहीतरी रेघोट्या मारत होती. चहा संपेपर्यंत ती उभी राहिली, कारण कट्ट्यावर बसायला जागा नव्हती.

तेवढ्यात मागून वन्संचा आवाज आला. "उभी आहेस तशी ही दोन टोकं धर."

त्यांनी पलंगावरची चादर काढली होती. चादर धुवायला जाईल, असं तिला वाटलं, पण त्यांना आधी तिची घडी घालायची होती.

"धुवायचीच आहे ना? मग घडी कशाला?"

"चुरगळलेली चादर मी कधी धुवायला दिली नाही, आणि आता या वयात देणार नाही," वन्सं म्हणाल्या. "एकटीनं घातली की कोपरे जुळत नाहीत. धर."

तिनं धरली. वन्संनी चादर ताणली, तशी तिलाही ताणावी लागली, नाहीतर हातातून सुटली असती. मग दोघी समोरासमोर चालत आल्या, टोकं टोकांना लागली, वन्संनी तिच्या हातातली टोकं स्वतःच्या बोटांत घेतली आणि ती खाली वाकून मधली घडी उचलायला लागली. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा मागे, पुन्हा पुढे. चादर पुस्तकाएवढी झाली.

"झालं," वन्सं म्हणाल्या. "जा, पड आता."

पण पडायला पलंगावर चादर नव्हती. मग धुतलेली चादर काढून अंथरावी लागली, आणि ताज्या, ताणलेल्या चादरीवर घामट गाऊन घालून पडणं तिच्याच जिवावर आलं. त्या दिवशी तिनं आंघोळ केली. वन्सं बाहेर इस्त्री फिरवत होत्या. आंघोळ करून ती बाहेर आली तेव्हा त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. त्यांनी 'शाब्बास' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी तिनं आंघोळ केली नसती, हे तिला नंतर कळलं.

असं सुरू झालं. सकाळी खिडकीतला चहा, मग चादर, मग आंघोळ. चादर रोज धुवायची नसे, पण घडी घालून पुन्हा अंथरायची हे ठरून गेलं. मुंगीलाही त्यात वाटा हवा होता. ती दोघींच्या मधून, ताणलेल्या चादरीखालून पळायची आणि शाळेला उशीर करून घ्यायची. काही सकाळी तिला सगळं जमायचं, काही सकाळी चादरीपाशी गाडी अडायची. वन्सं मोजत बसल्या नाहीत. हळूहळू गोळ्याही लागू पडत असाव्यात, कारण एका सकाळी बेकरीतून वर आलेला वास तिला आला. तो वास रोज येत असणार, पण कित्येक दिवसांत तिच्या नाकापर्यंत पोचला नव्हता.

वन्संना मात्र हा बदल दिसला आणि त्यांच्यातली लाँड्रीची प्रमुख जागी झाली. त्यांनी कामं वाढवायला सुरुवात केली. दुपारी चालायला जायचं, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी आणायची, जेवणानंतर लगेच पडायचं नाही, झोपण्याआधी दिवसभरात काय चांगलं झालं ते बोलून दाखवायचं. हे शेवटचं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. काही दिवस तिनं मुकाट्यानं सगळं केलं. मग एका दुपारी वन्सं हातात तिच्या चपला घेऊन दारात उभ्या राहिल्या आणि तिनं पांघरुणातून सांगितलं, "मी नाही येत."

"ठरलंय ना आपलं?"

"तुमचं ठरलंय."

"अगं, सुरुवातीला सगळ्यांनाच कंटाळा येतो..."

"कंटाळा?" ती उठून बसली. आवाज चढला होता, आणि चढलेला आवाज ऐकून ती स्वतःच दचकली. "मी तुमची लाँड्री नाही, वन्सं. भिजवलं, पिळलं, वाळत घातलं की संध्याकाळी कडक घडी. तसं नाही होत माझं. तुम्हाला काय कळणार? तुमच्या आयुष्यात कधी एक सुरकुती पडलीये का?"

वन्संनी चपला खाली ठेवल्या. त्या बाहेर गेल्या. स्वयंपाकघरातून कसलाच आवाज येईना, तेव्हा ती घाबरली. त्या पिशवी भरत असतील असं वाटून ती उठून गेली. वन्सं टेबलाशी बसून होत्या. इस्त्री बंद होती, आणि त्यांच्या पुढ्यात काहीच काम नव्हतं. त्यांना असं रिकाम्या हातांनी बसलेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"बस," वन्सं म्हणाल्या.

ती बसली.

"निवृत्त झाले ना, तेव्हा मोठा समारंभ केला लोकांनी. हार, भाषणं, घड्याळ. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी उठले, तयार झाले, आणि दारापाशी जाऊन उभी राहिले. मग आठवलं, कुठे जायचंच नाहीये. परत येऊन पडले. त्यानंतर मी फारशी उठलेच नाही."

"कधी? आम्हाला तर..."

"तुम्हाला कोण सांगणार? तू फोन केलास की मी 'बरी आहे' म्हणायची. तूही तेच म्हणतेस की." त्या किंचित हसल्या. "माझं अंथरूण असं होतं, सांगू नये. मी. माझं अंथरूण."

तो धुतलेला टॉवेल पुन्हा धुणाऱ्या बाईंचं मळकं अंथरूण तिच्या डोळ्यांसमोर येईना.

"मग उठलात कशा?"

"नळामुळे." वन्संनी कपाळावरची बट मागे सारली. "स्वयंपाकघराचा नळ गळायला लागला. खाली बादली ठेवली. सकाळी भरायची, संध्याकाळी भरायची. ओतली नाही तर पाणी खालच्यांच्या छतातून टपकणार आणि तो खालचा माणूस भांडखोर, वर येऊन आकाशपाताळ एक करणार. त्याच्याशी बोलायचं माझ्यात त्राण नव्हतं. त्यापेक्षा बादली ओतलेली बरी. म्हणून उठायची. उठलेच आहे तर तोंड धुवायची. तोंड धुतलंच आहे तर चहा टाकायची. असं करत करत एक दिवस बरीच माणसात आले. मग तो नळवाला आला एकदाचा, आणि मी त्याला दारातच म्हटलं, नळ दुरुस्त करू नका."

"काय?"

"हो. तो बघतच राहिला. म्हणाला, बाई, मला बोलावलं तुम्हीच. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात या. मला त्या बादलीची भीती वाटत नव्हती, बादली गेल्याची वाटत होती."

ती हसली. फार नाही, नाकातून श्वास सुटावा इतकंच, पण हसली. वन्संही हसायला लागल्या आणि मग दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं की कशाचं हे दोघींनीही तपासलं नाही.

"चुकलं माझं," वन्सं म्हणाल्या. "मला एका बादलीनं उठवलं आणि मी तुझ्यासमोर दहा बादल्या मांडल्या. तू सांग काय ठेवायचं."

कुणी तिला काय हवंय हे विचारून खूप दिवस झाले होते, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं. "चहा राहू दे," ती म्हणाली. "चादर राहू दे. आंघोळ. आणि दिवसातून एकदा खाली जाईन, कचरा टाकायला का होईना. बाकीचं नको. ते रेडिओवरचं तर अजिबात नको."

"मलाही ते म्हणताना लाज वाटायची," वन्संनी कबूल केलं.

खाली जायचं म्हणून ती कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरायला लागली. पहिले काही दिवस पिशवी टाकून लगेच वर. मग बेकरीत पाव घेऊन वर. मग एकदा, पाय वळले म्हणून, ती दवाखान्याच्या गल्लीत गेली आणि मागच्या दारानं आत डोकावली. तिची खोली तशीच होती. डॉक्टरांनी तिच्या जागी कुणाला आणलं नव्हतं. कवळ्या ते बाहेरून करवून घेत होते आणि रोज त्यावरून कुरकुरत होते.

"कवळीताई," ते म्हणाले, "काम करायला सांगत नाही. नुसतं येऊन बसलात तरी चालेल. खोली ओस पडली की मला पुढे करमत नाही."

ती जाऊन बसायला लागली, थोडा थोडा वेळ. काही दिवस तिनं फक्त वाट्या धुतल्या, सुऱ्या पुसल्या, मेणाच्या पट्ट्या एकसारख्या रचून ठेवल्या. मग प्लास्टर कालवलं. प्लास्टर कालवताना थांबता येत नाही. थांबलात की ते वाटीतच दगड होतं. तेवढा वेळ तिच्या डोक्यात दुसरं काही शिरत नसे, आणि साचा ओतून झाला की हाताला तो आतून गरम होत गेलेला जाणवे. ती त्यावर तळवा ठेवून बसे.

अशात एक म्हातारं जोडपं आलं. बाईंनी बाहेरून केलेली कवळी घातली होती, आणि त्या बोलल्या की 'स' आणि 'श'ला तोंडातून शीळ वाजायची. नवऱ्याची दृष्टी गेलेली. बाई त्यांना रोज दुपारी पुस्तक वाचून दाखवायच्या.

"वाचन कसलं," आजोबा म्हणाले. "गोष्टीत कुणी शांतपणे संसार करत असलं तरी मला गाडी स्टेशनातून सुटल्यासारखं ऐकू येतं."

"सगळं सहन करून शेवटी हे ऐकायचं," आजी म्हणाल्या, आणि त्या वाक्यात शीळ इतक्या वेळा वाजली की डॉक्टरांना खोकल्याचं निमित्त करून खाली बघावं लागलं.

मागच्या खिडकीतून ती ऐकत होती. शीळ का वाजते ते तिला तिथे बसल्या बसल्या कळलं. पुढच्या दातांमागे, टाळूपाशी, पोकळी जास्त राहिली होती. तिनं खिडकीतून हात पुढे केला. "मला द्या," ती म्हणाली.

नवी कवळी करायला घेतली. माप आलं, साचा ओतला, मेण चढवलं. चिमट्यात पहिला दात धरला तेव्हा ती थांबली. मग तिनं तो बोटांवर सोपवला आणि बोटांनी तो जिथला होता तिथे बसवला. त्या दिवशी तिनं पुढचे दोनच दात बसवले आणि घरी जाऊन पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा थंड झाला, चादर एकट्या वन्संनी ओढून सारखी केली. तिसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली.

मेणातली कवळी तोंडात बसवून बघायची वेळ आली तेव्हा तिनं आजींना खुर्चीत बसवलं. "म्हणा, सहा सशांनी सशक्त सिंहाला शिस्त शिकवली."

"हे कुठल्या पुस्तकातलं?"

"माझ्याच डोक्यातलं. म्हणा."

आजींनी म्हटलं. शीळ होती, पण कमी. तिनं कवळी काढून दातांमागे मेणाचा पातळ थर दिला, गरम सुरीनं सारखा केला, पुन्हा बसवली. पुन्हा सशांनी सिंहाला शिस्त शिकवली. आता 'शिस्त' जड यायला लागली. थोडं मेण खरवडलं. असं किती वेळा झालं कोण जाणे. आजोबा बाजूच्या खुर्चीत डोळे मिटून, मान कलती करून ऐकत होते. शेवटी त्यांनी हात वर केला.

"हीच," ते म्हणाले. "हीच माझी बायको."

आजींनी त्यांच्या गुडघ्यावर चापट मारली. "म्हणजे इतके दिवस घरात कोण होतं?"

"एक इंजिन होतं," ती पटकन बोलून गेली. डॉक्टर पुढच्या खोलीतून हसले आणि हसता हसता मधल्या खिडकीपाशी येऊन उभे राहिले.

नवरा घरी आला तेव्हा ती अर्धा दिवस कामाला जायला लागली होती. त्याच्या मनात जहाजावर भलतंसलतं येत राहिलं होतं. दार उघडलं तर समोर बायको, केस विंचरलेली, जरा उतरलेली, पण उभी. त्यानं पिशव्या खाली टाकल्या आणि तिचे दोन्ही हात धरून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं उत्साहानं चादरीची टोकं धरली आणि चुकीच्या बाजूनं पीळ दिला.

"अरे, बोटीवर तुम्ही झोपता कशावर?" वन्संनी विचारलं.

"ताई, झोपायला मिळतं कुठे?"

"मग शिक. मी रविवारी निघतेय."

ती पलीकडून बघत होती. वन्सं जाणार हे ऐकून ती घाबरली. पण तिनं ते लपवलं नाही. वन्सं बसथांब्याकडे निघाल्या तेव्हा ती पिशवी घेऊन बरोबर गेली आणि म्हणाली, "मला भीती वाटते. परत तसं झालं तर?"

"होईल की," वन्सं म्हणाल्या. "मला दोनदा झालं. तेव्हा मला फोन कर, आणि 'बरी आहे' म्हणू नकोस. मीही नाही म्हणणार."

परत तसं झालंच. थंडी सुरू झाली, नवरा पुन्हा पाण्यावर गेला, आणि एका सकाळी बेकरीचा वास येईनासा झाला. या वेळी तिनं ती खूण ओळखली. भिंतीकडे तोंड करून पडण्याआधी तिनं डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली, आणि वन्संना फोन केला.

"बरी नाहीये," ती म्हणाली.

"किती?"

"चहापर्यंत ठीक आहे. पुढे नाही."

"मग आज चहापर्यंतच. बाकीचं उद्या बघू. मुंगीला फोन दे."

बाईंनी गोळ्या थोड्या वाढवल्या. मुंगीनं चादरीची दुसरी बाजू धरली. तिचे हात तोकडे होते म्हणून तिला पलंगावर उभं राहावं लागायचं. वाईट दिवस आले, बरेच आले, पण त्यांना काठ होता. काही आठवड्यांनी ती पुन्हा चिमटा धरून बसली होती, आणि डॉक्टर तिचा जुना विनोद ऐकून हसले नाहीत म्हणून तो दुसऱ्यांदा सांगत होती.

एक सवय मात्र तिला कुणी लावली नाही, ती आपोआप लागली. शीळवाल्या आजी कवळी साफ करून घ्यायला आल्या होत्या, तेव्हा सहज म्हणाल्या, "एखाद्या दुपारी ऐकायला ये की. आमच्या यांना ऐकायला सोबत मिळाली तर माझ्या वाचनाला नावं ठेवणं कमी होईल." ती गेली, आणि मग दर आठवड्याला एक दुपार जायला लागली. त्यांचं घर तळमजल्यावर होतं. खोलीत एक टेबल, एक मोठी खुर्ची आणि सगळीकडे पुस्तकं. आजोबा खुर्चीत, आजी टेबलाशी, आणि तिच्यासाठी कोपऱ्यात उशी टाकलेला एक बाक. पुस्तक मधूनच सुरू असायचं. आधीचं काय ते तिला कुणी सांगायचं नाही आणि ती विचारायचीही नाही. कुणीतरी कुणाच्या घरी निघालेलं असायचं, वाटेत कुणीतरी भेटायचं. आजींचा 'स' स्वच्छ ऐकू यायचा.

एका दुपारी ऐकता ऐकता तिचे डोळे मिटले. काम करून आली होती, पोट भरलेलं होतं, आणि बाकावर ऊन येत होतं. आजी वाचता वाचता थांबल्या.

"का थांबलीस?" आजोबांनी विचारलं.

"झोपली वाटतं ती."

"मग थांबू नकोस. थांबलीस तर जाग येईल."

आजींनी आवाज जरा खाली आणला आणि पुढचं पान उलटलं.